गुग्गुळाची परीक्षा



या वेळचा विषय जरा वेगळा आहे. यात राजे नाहीत, लढाया नाहीत, सनावळ्या मात्र आहेत. शेवटी मास्तरच मी! एका झाडाच्या डिंकाचा हा इतिहास आहे.

आमच्या लासूर स्टेशनला संध्याकाळी फिरायला निघणारी पेन्शनरांची एक टोळी आहे. पूर्वी आमच्या गप्पा महागाई भत्त्यावर चालायच्या. आता पहिला प्रश्न असतो, "तुमचं कोलेस्टेरॉल किती आलं?" आणि मग प्रत्येकाच्या पिशवीतून एकेक उपाय निघतो. कोणी अर्जुनाच्या सालीचा काढा घेतो, कोणी भिजवलेली मेथी, कोणी उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या, कोणी जवसाची चटणी. एकाच्या घरी तर मुलाने शहरातून आणलेल्या चकचकीत बाटल्यांची रांग आहे. सगळ्यांची प्रस्तावना एकच, "नैसर्गिक आहे हो, साइड इफेक्ट काही नाही."

इथपर्यंत ठीक होते. पण मध्यंतरी आमच्या दाजींचा फोन आला. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी कायम घ्यायला सांगितली आहे. दाजी म्हणाले, "गोळी बंद केली, गुग्गुळ सुरू केला." मी जरा कुरकुरलो तर म्हणाले, "तू इतिहास शिकवलास ना जन्मभर? मग सांग, हजारो वर्षं चालत आलेलं औषध खोटं कसं असेल?"

प्रश्न मोठा चांगला आहे. त्याला 'नाही' किंवा 'हो' असे तोंडावर फेकून उत्तर देता येत नाही, म्हणून जमेल तेवढा हा इतिहास वाचून काढला. तो दाजींसाठी आहेच, पण तुमच्या घरातही असे एखादे दाजी असतीलच.

सुश्रुतापासून बनारसपर्यंत

गुग्गुळ आपल्याला धुपातला माहीत आहे. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकला की घरभर वास दरवळतो. सांधेदुखीसाठी योगराज गुग्गुळाच्या गोळ्या तर कित्येक आजीबाईंच्या बटव्यात असतात. हा डिंक देणारे झाड काटेरी, खुरटे, कोरड्या रानात वाढणारे. राजस्थान आणि कच्छ ही त्याची मुख्य ठिकाणे. खोडाला चिरा दिल्या की डिंक पाझरतो.

सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे. अंगात मेद वाढला की शरीरातले मार्ग अडतात, माणसाला धाप लागते, तहान-भूक वाढते, शक्ती कमी होते, अशा अर्थाचे ते वर्णन आहे. गुग्गुळाबद्दलही त्यात म्हटले आहे की नवा गुग्गुळ शरीराचे पोषण करतो आणि जुना गुग्गुळ मेद कमी करतो.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सुश्रुताने 'मेद' म्हटले आहे, 'कोलेस्टेरॉल' नाही. कोलेस्टेरॉल हा पदार्थ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयातल्या खड्यांत सापडला आणि १८१५ च्या सुमारास शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. त्याचा रक्तवाहिन्यांशी संबंध आहे हे रशियात अनिचकोव्ह यांनी १९१३ मध्ये सशांवर दाखवले. म्हणजे 'गुग्गुळ कोलेस्टेरॉलवर हजारो वर्षांपासून चालतो' हे वाक्य इतिहास म्हणून टिकत नाही. गुग्गुळ हजारो वर्षांचा आहे, कोलेस्टेरॉलवरचा गुग्गुळ साठ वर्षांचा.

आणि ती साठ वर्षांची गोष्ट अभिमान वाटावा अशी आहे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती या संशोधक सुश्रुतातले मेदोरोगाचे वर्णन वाचत होत्या. हे वर्णन आजच्या लठ्ठपणाशी आणि रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराशी जुळते, असे त्यांच्या लक्षात आले. त्या नुसत्या "आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असे म्हणून थांबल्या नाहीत. त्यांनी सशांवर प्रयोग केले, कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांना गुग्गुळ दिला, रक्त तपासले आणि १९६६ मध्ये त्यावर प्रबंध सादर केला. सशांत कोलेस्टेरॉल खाली आले होते. याच सत्यवतीबाई पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

मुंबई, नागपूर आणि २३ चे ११

सशाला लागू पडले म्हणून माणसाला लागू पडेलच असे नाही. ससा शाकाहारी प्राणी, त्याच्या शरीराचा आणि कोलेस्टेरॉलचा हिशेबच निराळा. म्हणून पुढचे काम लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने हाती घेतले. गुग्गुळातला उपयोगी अर्क वेगळा काढला, त्याला 'गुगुलिपिड' नाव दिले आणि सात शहरांत रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्यांत आपली मुंबई होती आणि नागपूरही होते. बाकीची म्हणजे बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ आणि वाराणसी. १९८९ मध्ये त्यांचे निकाल छापून आले. त्याच सुमारास मुंबईच्या सिप्ला कंपनीने 'गुग्लिप' नावाने गोळीही बाजारात आणली होती.

निकाल दोन भागांत होते आणि मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो या दोन भागांतला फरक.

पहिल्या भागात २०५ रुग्ण होते. बारा आठवडे औषध दिले. कोणते औषध चालू आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक, रुग्णांनाही ठाऊक. कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्के उतरले. सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत असा फरक दिसला. वा!

दुसऱ्या भागात मात्र कोणाला काय दिले आहे हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. इथे गुगुलिपिडची तुलना क्लोफायब्रेट नावाच्या त्या काळच्या औषधाशी केली होती. गुगुलिपिड घेणाऱ्यांत घट आली सरासरी ११ टक्के आणि क्लोफायब्रेट घेणाऱ्यांत १० टक्के.

औषध तेच, पण २३ चे ११ झाले!

आम्हा मास्तर लोकांना याचे नवल वाटायला नको. शाळेतल्या चाचणीत पेपर तपासताना मुलाचे नाव समोर असते. हुशार मुलाचे अक्षर लागले नाही तरी 'त्याला येतच असणार' म्हणून अर्धा मार्क जास्त पडतो. बोर्डाच्या परीक्षेत मात्र वर फक्त बैठक क्रमांक असतो. तिथे गुरुजींच्या लाडक्यांचे मार्क उतरतात आणि कोपऱ्यात बसणाऱ्या एखाद्याचे चढतात. दोन्ही वेळी गुरुजी प्रामाणिकच असतात हो, पण नाव दिसले की मन हलते. औषधाचेही तसेच. शिवाय रुग्ण चाचणीत आला की नकळत तूप कमी करतो, फिरायला जातो, आणि एकदा फार वर गेलेला आकडा पुढच्या वेळी आपोआपच थोडा खाली येतो. ते सगळे श्रेय पुडीच्या नावावर जमा होते. आमच्या टोळीत "मला गुण आला" म्हणतात ना, त्यात किती गुण पुडीचा आणि किती रोजच्या चालण्याचा, हे सांगणे फार अवघड आहे.

तरीही ११ टक्के म्हणजे अगदीच टाकाऊ नव्हे, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. १९९४ मध्ये मुरादाबादला ६१ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीतही, पथ्याच्या जोडीला गुगुलिपिड दिल्यावर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे साडेबारा टक्के उतरल्याचा निकाल आला होता. या वेळी तुलना औषध नसलेल्या नकली गोळीशी होती. म्हणजे गुग्गुळाची बाजू तेव्हा चांगलीच भक्कम दिसत होती.

फिलाडेल्फियाचा निकाल

पुढे अमेरिकेत गुग्गुळाची हवा झाली. तिथे १९९४ च्या कायद्याने अशी पूरक उत्पादने गुणाचा पुरावा आधी न देता विकायला मोकळीक दिली होती. २००२ मध्ये तर 'सायन्स' या नामांकित साप्ताहिकात, गुग्गुळातले द्रव्य यकृतातल्या कोणत्या कळीवर बोट ठेवते, याचाही शोध छापून आला. कसे काम करते ते कळले, आता राहिले काय?

राहिले होते हेच, की ते काम करते का!

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी फिलाडेल्फियात १०३ माणसे निवडली. काहींना गुगुलिपिडची नेहमीची मात्रा, काहींना दुप्पट, काहींना नकली गोळी. कोणाला काय दिले ते झाकलेले. आठ आठवड्यांनी मोजले. नकली गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल ५ टक्के उतरले होते. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्के चढले होते! सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले, तेही गुगुलिपिडवाल्यांतच. ऑगस्ट २००३ मध्ये हा निकाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. २००९ मध्ये नॉर्वेतल्या ४३ जणांच्या चाचणीतही एलडीएलमध्ये फरक दिसला नाही.

यावर आपल्याकडचे एक उत्तर ठरलेले असते, "त्यांचं खाणं वेगळं, शरीर वेगळं, आपल्याला लागू पडत असेल." असेलही. मी ते खोडून काढत नाही. पण त्याचा निवाडा मोठी, झाकलेली चाचणी पुन्हा इथे करूनच होईल, नुसत्या अभिमानाने व्हायचा नाही. तोवर स्टेंट बसवलेल्या माणसाने अंगावर घेण्याइतका तो पुरावा नाही, एवढे तरी मान्य करावे लागते.

या सगळ्यात त्या झाडाचेही हाल झाले. बेसुमार चिरा देऊन देऊन झाडे वाळत गेली आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली.

आकडा उतरला म्हणजे झाले का?

मघाशी क्लोफायब्रेटचे नाव आले. गुगुलिपिड त्याच्या तोडीचे ठरले म्हणून तेव्हा आनंद झाला होता. पण त्या क्लोफायब्रेटचा इतिहास काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली एडिंबरा, बुडापेस्ट आणि प्राग या शहरांत सुमारे १५ हजार पुरुषांवर त्याची चाचणी झाली होती. कोलेस्टेरॉल ९ टक्के उतरले, प्राणावर न बेतलेले झटकेही कमी झाले, पण १९७८ मध्ये कळले की औषध घेणाऱ्या गटात एकूण मृत्यू जास्त होते. आणि हे औषध रसायनशाळेतले होते बरे का, झाडपाल्याचे नव्हे. तेव्हा फसगत दोन्हीकडे होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या शेतातले आहे. करडई! मराठवाड्यात रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्याच. काट्यांमुळे जनावर पिकात शिरत नसे, कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची आणि घाण्यावरून करडीचे तेल यायचे. फलटणच्या निंबकर संस्थेने पुढे बिनकाट्याचे वाण काढले. हे तेल कोलेस्टेरॉल उतरवते म्हणून जगभर त्याची कीर्ती झाली.

ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात, हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना लोणी आणि जनावरांची चरबी सोडून करडीचे तेल आणि त्याचेच मार्गरिन खायला सांगितले. त्यांचे कोलेस्टेरॉल १३ टक्क्यांहून जास्त उतरले, दुसऱ्या गटाचे फक्त साडेपाच टक्के. पण त्या प्रयोगाचे जुने कागद नव्याने तपासून २०१३ मध्ये संपूर्ण हिशेब छापला गेला, तेव्हा करडीवाल्या गटात १७.६ टक्के माणसे दगावल्याचे दिसले आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के.

लगेच घरातले करडीचे तेल ओतून देऊ नका! प्रयोग लहान होता, तेलाचे प्रमाण मोठे होते, माणसे आधीच आजारी होती, आणि वनस्पती तेलांबद्दलचे इतर पुष्कळ अभ्यास चांगले सांगतात. माझा मुद्दा एवढाच, की कोलेस्टेरॉलचा आकडा म्हणजे घटक चाचणीचे मार्क. खरी परीक्षा निराळी. झटका टळला का, माणूस जास्त जगला का, ही ती परीक्षा.

त्या परीक्षेला बसून पास झालेले औषध म्हणजे दाजींनी बंद केलेली गोळी, स्टॅटिन. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. सुमारे साडेपाच वर्षांत नकली गोळी घेणाऱ्या गटात २५६ मृत्यू, स्टॅटिन घेणाऱ्या गटात १८२. कागदावर ७४ चा फरक. पण ती ७४ घरे आहेत.

भातावरची बुरशी

गंमत म्हणजे ही गोळीही मुळात नैसर्गिकच! जपानचे अकिरा एंदो हे शेतकरी घरातले शास्त्रज्ञ. त्यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये, धान्याच्या दुकानातल्या तांदळावर मिळालेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले. पुढे चीन-जपानात पूर्वापार खाल्ल्या जाणाऱ्या लाल बुरशीच्या तांदळातही असेच द्रव्य मिळाले.

मग लाल तांदळाची पूरक गोळी काय वाईट? एक तर तिच्यात औषध आहे म्हणजे औषधाचे त्रासही आहेत. दुसरे, डबीत किती औषध आहे याचा भरवसा नाही. २०२४ मध्ये जपानमध्येच अशा लाल तांदळाच्या गोळ्यांत भलत्याच बुरशीचे विष मिसळले गेले, अनेकांची मूत्रपिंडे बिघडली, माणसे दगावली. 'नैसर्गिक' हे नाव वाचवायला आले नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? जुन्या ग्रंथातल्या पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाला परवाना घेताना माणसांवरच्या चाचणीचा पुरावा लागत नाही. म्हणजे सरकारी परवाना क्रमांक बाटलीवर दिसला तरी तो गुणाचा दाखला समजू नये.

मग काहीच घ्यायचे नाही का?

तसे नाही. परीक्षा घेतली की कोणी पासही होते. आपला साधा इसबगोल घ्या. त्याचा बुळबुळीत कोंडा आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतो, मग नवे पित्त बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. रोज नियमाने घेतला तर एलडीएल पाच ते दहा टक्के उतरते, असे कितीतरी झाकलेल्या चाचण्यांत दिसले आहे. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनेही तसे लिहायला परवानगी दिली. ओट्सचेही तसेच. मात्र इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, आणि इतर गोळ्या व इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे.

लसणाचे मार्क कमी आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत १९२ जणांच्या सहा महिन्यांच्या चाचणीत लसूण किंवा लसणाच्या गोळ्या खाऊन एलडीएलमध्ये फरक पडला नाही. २०२२ च्या एका चाचणीत लसूण, दालचिनी, हळद, माशाचे तेल, लाल तांदूळ असे सहा प्रकार स्टॅटिनच्या छोट्या मात्रेसमोर उभे केले. अठ्ठावीस दिवसांत गोळीने एलडीएल ३५ टक्क्यांहून अधिक उतरवले, सहांपैकी एकाचाही ठळक परिणाम दिसला नाही. लसूण भाजीत घालावा, चवीला उत्तमच आहे.

स्टॅटिनलाही त्रास नाहीत असे कोणी म्हणू नये. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर थोडी वाढते. पाय दुखत असतील तर डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा गोळी बदलता येते. पण न सांगता बंद करणे हा हृदयरुग्णासाठी फार महागाचा सौदा आहे. आणि जे चूर्ण, काढा, बाटली घेता ते सगळे एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. काही जडीबुटी गोळ्यांशी भांडतात, ते डॉक्टरांना कळले पाहिजे.

राहता राहिला दाजींचा मूळ प्रश्न, हजारो वर्षांचे औषध खोटे कसे? मला वाटते, प्रश्न खरे-खोटेपणाचा नाहीच. हजारो वर्षे हा डिंक सांध्यांसाठी, मेदासाठी, धुपासाठी वापरला गेला. आपण मात्र त्याला एका नव्या परीक्षेला बसवले, जिचे नावही सुश्रुताला माहीत नव्हते. त्या परीक्षेत तो अजून पास झालेला नाही, म्हणून सुश्रुताचा मान तसूभरही कमी होत नाही. सुश्रुतानेच तर सांगून ठेवले आहे की शास्त्र वाचून आणि डोळ्यांनी पाहून, दोन्ही मिळून ज्ञान वाढते. शरीर कळावे म्हणून प्रेत उघडून पाहायला सांगणारा तो माणूस! सत्यवतीबाई सशांचे रक्त तपासत होत्या तेव्हा त्या सुश्रुताच्याच वाटेवर होत्या, आणि फिलाडेल्फियाचे डॉक्टरही, त्यांना ते माहीत नसले तरी.

असो. लेख जरा लांबला. तुमच्या घरात कोण काय घेते, आणि ते डॉक्टरांना सांगितले आहे का, हे जरूर कळवा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर आधी फोन डॉक्टरांना करा, मला नंतर लिहा.